गेटवरची नजर

ज्ञानदेव ओव्हाळांना फसवणं सोपं नव्हतं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असत. चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या गेटवर त्यांची उभी हयात गेली. शिफ्ट सुटली की कामगारांची रांग त्यांच्यासमोर लागायची. एकेक जण हात वर करून उभा राहायचा, ज्ञानदेव त्याला खांद्यापासून घोट्यापर्यंत चाचपायचे आणि पाठीवर थाप मारून सोडायचे. पण चाचपणं ही नंतरची गोष्ट. चोर म्हणे त्याआधीच कळायचा, नुसत्या चालीवरून. एकदा एक फिटर पाय मुरगळलाय म्हणत लंगडत आला. ज्ञानदेवांनी त्याला दंड धरून रांगेतून बाहेर ओढलं, पॅन्ट वर करायला लावली, तर पोटरीला तांब्याची तार गुंडाळलेली. ही हकीकत ऐकली नाही असा माणूस थेरगावात सापडणं अवघड. तिचा शेवटही ठरलेला. "खरं लंगडणारा जमिनीकडं बघतो. खोटं लंगडणारा आपल्याकडं बघतो, आपण बघतोय का ते."

रिटायर होताना कंपनीनं शाल दिली, घड्याळ दिलं, पण ती नजर काही जमा करून घेतली नाही. ती घेऊनच ते डांगे चौकाच्या मागच्या आपल्या इमारतीत परतले, सोसायटीचे चेअरमन झाले आणि जिन्याखालच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची मनातल्या मनात झडती घेऊ लागले. कुरियरवाला असो, गॅसवाला असो, कुणाचा मेहुणा असो, कोणी सुटायचं नाही.

अशा माणसाच्या इमारतीत धम्मरत्न शिरसाट राहायला आला, ही त्या बिचाऱ्याची साडेसाती म्हणायची.

दुसऱ्या मजल्यावरच्या चिमाजींनी आपली जिन्याजवळची खोली त्याला भाड्यानं दिली होती. पोरगा तिशीच्या आतला, अंगावर इस्त्रीचे कपडे आणि हातात घडीची पांढरी काठी. एका सरकारी बँकेत कारकून होता. पहिल्या दिवशी त्यानं खुर्चीच्या दिशेनं "जयभीम, काका" म्हटलं आणि ज्ञानदेव पाघळलेच. त्यांनी लगबगीनं उठून त्याचा दंड धरला आणि जिना चढवायला निघाले. पोरानं हात हळूच सोडवून घेतला. "राहू द्या काका, जमतं मला," म्हणाला आणि काठी टेकत वर गेला.

ज्ञानदेव तिथंच उभे राहिले. अंगाला हात लावला की कोण चमकतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दोनच दिवसांनी त्यांनी त्याला कट्ट्यावर उन्हात पेपर वाचताना पाहिलं. अगदी नाकाशी धरून, पण वाचत होता. मग मोबाईल काढला आणि भराभर बोटं चालवली. मान वर केली तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटीही वाचत असावा असं ज्ञानदेवांना वाटलं. थोड्या वेळानं उठला, काठी उघडली आणि पुन्हा आंधळा झाला.

"थोडं दिसत असेल त्याला," कस्तुराबाई म्हणाल्या. त्या भाकऱ्या करत होत्या आणि नवऱ्याच्या शोधांची त्यांना सवय होती.

"थोडं म्हणजे काय? दिसतं तरी, नाहीतर दिसत नाही तरी. बल्ब थोडा लागतो का?"

कस्तुराबाईंनी भाकरी उलटली.

ज्ञानदेवांनी प्लास्टिकचं एक स्टूल घेतलं आणि सकाळी धम्मरत्नची बँकेत जायची वेळ साधून तळमजल्याच्या बोळात मधोमध ठेवलं. पोरगा जिना उतरला, बोळाच्या तोंडाशी क्षणभर थांबला आणि काठी स्टुलापर्यंत पोचायच्या आतच बाजूनं निघून गेला. झालं. ज्ञानदेवांच्या लेखी खटला तिथंच संपला. नोकरी सवलतीतली, बसमधली जागा सवलतीतली आणि डोळे शाबूत. खऱ्या गरजवंताच्या ताटातलं ओढून खाणारी जात ही. त्यांना मनापासून संताप आला, आणि खोटं कशाला बोला, त्या संतापात थोडी मजाही होती. बऱ्याच दिवसांनी गेटवर कोणी सापडलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण त्यांच्या मुलाची, समाधानची, त्या पोराशी गट्टी जमली.

समाधान हा ज्ञानदेवांचा एकुलता एक. चाकणला एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा, म्हणजे मालाचे खोके उचलून रचणारी ती पुढं दोन दांडे असलेली गाडी. होता ठेकेदाराकडून, पण आता परमनंट व्हायची वेळ आली होती. पहिल्या मजल्यावरचे ज्योतीराम त्याच कंपनीत सुपरवायझर होते आणि त्यांनीच शब्द टाकला होता. परमनंट झाला की पोराचं लग्न करायचं, मोठा फ्लॅट घ्यायचा, इथपर्यंत ज्ञानदेवांच्या मनात सगळं बांधून तयार होतं. त्यामुळं या महिन्यात पोराचं पाऊल वाकडं पडू नये, ही एकच धास्ती त्यांना लागून राहिली होती.

आणि पोराचं काहीतरी बिनसलं होतं खरं. सेकंड शिफ्ट नको म्हणायला लागला होता. ओव्हरटाइमवर पाणी सोडायचा. बाईक दारात उभी आणि हा संध्याकाळी कुठं जायचं झालं तर चालत, नाहीतर जातच नाही. जेवताना हात लागून तांब्या सांडायचा. ज्ञानदेवांनी एकदा तो झोपल्यावर वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. काही नव्हतं. मग एखादी मुलगी असेल म्हणून त्याच्या पॅन्टचे खिसे तपासले. त्यात समाधानचेच पासपोर्ट साइजचे फोटो निघाले, भरपूर. एवढे फोटो माणूस कशाला काढतो?

उत्तर त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. समाधानच्या सुट्टीच्या दिवशी तो आणि धम्मरत्न बरोबर बाहेर पडून बसमध्ये चढले तेव्हा ज्ञानदेव मागच्या रिक्षात होते. बस सांगवीवरून पूल ओलांडून पलीकडं गेली आणि दोघं एका सरकारी दवाखान्यात शिरले. ज्ञानदेव फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं की इथं काय काय मिळतं. तो म्हणाला, सगळं मिळतं, आज तर अपंगांच्या दाखल्यांचा दिवस आहे. ज्ञानदेवांनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

तर असा डाव होता. स्वतः खोटी काठी मिरवायची ती मिरवायची, वर त्यांच्या पोरालाही त्याच धंद्याला लावायचं. परमनंटची नोकरी तोंडाशी आलेली असताना हा त्याला खोटा दाखला काढून देणार, सरकारी जागेची लालूच दाखवणार. आणि पकडले गेले की शिरसाट पळून जाणार आणि ओव्हाळांचं नाव पेपरात येणार. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडल्या त्याच्या घरात चोर. परतताना ते बसमध्ये उभेच राहिले, शेजारी जागा रिकामी असून.

घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. गेटवरचा नियमच तो होता, माल अंगावर असतानाच पकडायचा.

दोन दिवसांनी अंधार पडता पडता त्यांनी तेच स्टूल पुन्हा बोळात ठेवलं. अंधारात कोणी बघत नाही असं समजून धम्मरत्न काठीशिवाय खाली येतो का आणि स्टूल चुकवतो का, ते बघायचं होतं. आला भलताच. समाधान कामावरून आला, बोळातून सरळ चालत आला आणि स्टुलावरून असा कोसळला की हनुवटी फरशीवर आपटली. रक्त आलं. ज्ञानदेव धावले खरे, पण तोंडातून शिव्याच निघाल्या. मोबाईलमध्ये डोकं घालून चालतोस, एवढं ढळढळीत स्टूल दिसत नाही का? समाधानचे दोन्ही हात रिकामे होते. मोबाईल खिशात होता. ज्ञानदेवांनी ते पाहिलं आणि पाहून सोडून दिलं.

कस्तुराबाईंनी हळद दाबली आणि स्टूल उचलून आत नेलं. "कुणाला पाडायला ठेवलं होतं हे?" एवढंच त्यांनी विचारलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांना पाहिजे तो पुरावा मिळाला. गच्चीवर पाण्याच्या टाकीचा कॉक बघायला म्हणून ते चढले, तर टाकीपलीकडं दोघं होते. काठी समाधानच्या हातात होती. तो ती जमिनीवर डावी-उजवी फिरवत पुढं येत होता आणि धम्मरत्न भिंतीला टेकून शिकवत होता. काठी डावीकडं तेव्हा पाय उजवा, मनगट सैल ठेव, खाली बघू नकोस, बघून उपयोग नाही. समाधान चुकला की दोघं हसायचे. ज्ञानदेव चाहूल न देता पायऱ्या उतरून खाली आले. आंधळ्याचं सोंग शिकवायचा क्लास चालला होता, त्यांच्याच गच्चीवर, त्यांच्याच पोरासाठी.

रविवारी त्यांनी सोसायटीची मीटिंग लावली. पोराला एकट्यात विचारायचं त्यांच्या मनात आलंच नाही. एकट्यात विचारलं की चोर कबूल होत नाही, रांगेसमोर होतो.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. बाहेर दिवस मावळत होता आणि आत एकच ट्यूब होती, तीही जुनी. चिमाजी आले, ज्योतीराम आले, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या. धम्मरत्न काठी टेकत आला आणि कडेला उभा राहिला. समाधान त्याच्या शेजारी, हनुवटीवर पट्टी लावलेली. ज्ञानदेवांनी पाण्याच्या मोटरचा विषय घाईत उरकला आणि मग ते उभे राहिले. आधी तांब्याच्या तारेची गोष्ट सांगितली. मग एकेक वस्तू टेबलावर ठेवावी तसं सगळं मांडलं. पेपर, मोबाईल, सकाळी दुरूनच चुकवलेलं स्टूल. शेवटी चिमाजींकडं वळून म्हणाले की तुम्ही भाडेकरू नाही, भामटा ठेवलाय.

"काठी ठेव खाली," ते धम्मरत्नला म्हणाले, "आणि त्या भिंतीपर्यंत जाऊन ये. मला बघू दे."

धम्मरत्नचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. त्यानं सांगितलं की त्याला दिसतं ते नळीतून बघितल्यासारखं, मधोमध तेवढंच. लांबचं स्टूल नळीत मावतं म्हणून सकाळी दिसलं, तेच पायाशी आलं की निसटतं. आणि उजेड कमी झाला की नळीही बंद.

"हे मी डॉक्टरांना दाखवलंय, बँकेत दाखवलंय, काका," तो म्हणाला. "पार्किंगमध्ये दाखवणार नाही."

कुजबुज झाली. खरा असेल तर चालून दाखवायला काय जातं, असं पायऱ्यांवरून कोणीतरी म्हणालं आणि बऱ्याच माना हलल्या. चिमाजी खाली बघायला लागले. खोली रिकामी करून घेतो, असं ते म्हणणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ज्ञानदेवांना चेव आला. हा एकटा बुडाला असता तर बुडू दिला असता, म्हणाले, पण यानं माझ्या पोराला हाताशी धरलंय, त्याला सोंग शिकवतोय.

"मी चालतो," समाधान म्हणाला.

तो पुढं आला आणि बापासमोर उभा राहिला. आधी त्यानं ज्योतीरामांच्या खुर्चीकडं तोंड केलं. "ज्योतीरामकाका, उद्यापासून मी गाडीवर बसणार नाही. गेल्या महिन्यात शेडमध्ये एक माणूस माझ्या दांड्यासमोर आला. तो ओरडला म्हणून वाचला. मला तो दिसलाच नव्हता."

मग ज्ञानदेवांकडं वळून म्हणाला, "हातात काठी नाही, बाबा. झडती घ्या."

आणि तो निघाला.

ज्ञानदेवांचं मन अजून म्हणत होतं की हा शिकवलेला प्रयोग आहे. पण अंगात मुरलेली सवय स्वस्थ बसू देईना. गेटवर ते असंच करायचे, माणूस चालायला लागला की गुपचूप दोन पावलं बाजूला सरकायचे, म्हणजे त्याचा चेहरा दिसतो, त्याची नजर कुठं पळते ते दिसतं. तसे ते सरकले, चिमाजींच्या मागून स्कूटरच्या पलीकडं गेले आणि बघू लागले.

समाधानचा पाय आधी जमीन विचारत होता आणि मग टेकत होता. एक हात छातीपुढं, तळवा उघडा. खांबाला तळवा लागला, त्यानं खांब ओळखला आणि बाजूनं वळला. गटाराच्या जाळीशी त्यानं न अडखळता पाऊल उचललं, कारण ती जाळी तो लहानपणापासून ओलांडत आला होता. त्यापुढं कोणाची तरी सायकल उभी होती. ती कालपर्यंत तिथं नव्हती. तिचं हँडल त्याच्या बरगडीत बसलं, तो कळवळला आणि तिला चाचपत वळसा घालून भिंतीला हात लावून माघारी फिरला.

ज्ञानदेवांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. इतकी कसून झडती त्यांनी आयुष्यात कुणाची घेतली नव्हती. ते खोटं शोधत होते, आणि देवाशपथ, आता ते मिळावं म्हणून शोधत होते. एक चोरटी नजर मिळाली असती तर पोराला मुस्काडीत मारून छातीशी धरलं असतं. पण समाधाननं एकदाही कुणाकडं पाहिलं नाही. कोण बघतंय, याच्याशी त्याला कर्तव्यच नव्हतं. त्याला फक्त पुढचं पाऊल पाहिजे होतं.

आणि मग ज्ञानदेवांना लहानपणचा समाधान आठवला. दिवेलागणीनंतर अंगणातही आईचा पदर धरून जाणारा. त्याला ते चारचौघांत भित्रा म्हणायचे. सांडलेले तांबे आठवले, दारात धूळ खात उभी असलेली बाईक आठवली. झोपलेल्या पोराच्या तोंडाशी वाकून घेतलेला तो वास आठवला. हजारो माणसांची चाल वाचणाऱ्या त्यांच्या डोळ्यांना घरातली चाल वाचता आली नव्हती.

समाधान परत आला. जिथं बापाला सोडून गेला होता तिथंच येऊन थांबला. दम लागला होता, बरगडीवर हात होता. समोर, बघण्याच्या नादात उठून पुढं सरकलेले चिमाजी उभे होते. त्यांच्या छातीकडं बघत तो म्हणाला, "बघितलंत, बाबा? सापडलं का काही?"

चिमाजींनी मान वळवून स्कूटरपलीकडं पाहिलं, आणि सगळी पार्किंग तिकडं पाहू लागली. पायऱ्यांवर कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला होता. पोराला नीट दिसत नसावं असा त्यांना नुसता संशय होता, आता खात्री झाली.

"मी इकडंय," ज्ञानदेव म्हणाले.

समाधान आवाजाकडं वळला. आपण कुणाशी बोललो हे त्याला तेव्हा कळलं आणि त्याचे कान लाल झाले. ज्योतीराम खुर्चीवरून उठले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले की सांगितलंस ते बरं केलंस, साहेबांशी बोलतो, दुसरं काही काम निघतं का बघू. त्या 'बघू'त परमनंटची गोष्ट संपली होती, हे तिथं प्रत्येकाला कळलं. काठीवाल्याच्या खोलीचा विषय मात्र पुन्हा कोणी काढला नाही. माणसं खुर्च्या उचलून निघाली. जाताना धम्मरत्नशी बोलावं की नाही हे न कळल्यानं बहुतेक जण नुसतेच बाजूनं गेले.

ज्ञानदेव मुलाजवळ आले आणि त्यांनी त्याचा दंड धरला. हात सवयीनंच गेला. रांगेतून बाहेर ओढायची तीच पकड. समाधानचं अंग ताठ झालं.

"काका, दंड सोडा," धम्मरत्न मागून म्हणाला. ज्ञानदेव माणसाला कसं धरतात, हे त्याला न बघताही माहीत होतं. "तुम्ही त्याला धरू नका. तुमचं कोपर पुढं करा, तो धरेल."

ज्यानं हे सांगितलं त्याला अर्ध्या तासापूर्वी त्यांनी भामटा म्हटलं होतं. माफी मागायला शब्द पाहिजेत ते त्यांच्याकडं नव्हते, गेटवर त्यांची कधी गरज पडली नव्हती. त्यांनी दंड सोडला. हात कोपरात दुमडला आणि शरीरापासून थोडा दूर धरून ते उभे राहिले. आयुष्यभर लोक त्यांच्यासमोर हात वर करून उभे राहिले होते, आता ते कुणाच्या तरी हाताची वाट बघत उभे होते. समाधानचा हात आला, शर्टावर चाचपडला आणि कोपराला लागला.

दोघं बोळातून निघाले. ज्ञानदेव लहान लहान पावलं टाकत होते. जिन्यापाशी ते थांबले.

"पायरी आहे," ते म्हणाले.

"ती पाठ आहे, बाबा," समाधान म्हणाला. "तुम्ही नवीन जे ठेवाल ना, तेवढं सांगत जा."